1914 चा मुंबई सरकारचा ठराव आणि कराचीच्या तुरुंगातले आपले खलाशी

पावसाळी बंदी उठली की डहाणू, तलासरी भागातली पोरं गुजरातची गाडी धरतात. ओखा, पोरबंदर, वेरावळ, मांगरोळ. लावणी उरकलेली असते, गावात हाताला काम नसतं आणि बोटीचा शेठ उचल देतो. त्यातले काही जण पुढच्या पावसाळ्यात घरी येत नाहीत. बोट पाकिस्तानने धरली, एवढाच निरोप येतो. मग घरातली बाई कागद घेऊन तालुक्याला फेऱ्या मारायला लागते.

2 ऑक्टोबर 2025 ला, दसऱ्याच्या दिवशी, संरक्षणमंत्री राजनाथ सिंह भुजला होते. सर क्रीक भागात पाकिस्तान लष्करी बांधकाम वाढवतोय, आगळीक केली तर इतिहास आणि भूगोल दोन्ही बदलतील, असा इशारा त्यांनी दिला. टीव्हीवर दोन दिवस क्षेपणास्त्रं फिरली. पण हे सर क्रीक म्हणजे काय, आणि त्यापायी आपला खलाशी आत का जातो, हे कुणी धड सांगितलं नाही.

सर क्रीक ही कच्छच्या रणाच्या टोकाला असलेली साधारण 96 किलोमीटर लांबीची खाडी. पूर्वेला आपला कच्छ, पश्चिमेला पाकिस्तानातला सिंध. सगळी दलदल, वस्ती नाही, शेती नाही. भांडण सुरू झालं 1908 च्या सुमारास, तेही सरपणावरून! खाडीकाठची लाकडं कुणी तोडायची, यावर कच्छचं संस्थान आणि सिंधचं प्रशासन समोरासमोर आलं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता (1936 ला वेगळा झाला). सिंधचं म्हणणं, आमची हद्द पूर्वेला कोरी खाडीपर्यंत. कच्छचं म्हणणं, आमची हद्द पश्चिमेला पीर सानी खाडीपर्यंत. शेवटी तडजोड झाली, मधली सर खाडी धरा. 24 फेब्रुवारी 1914 ला मुंबई सरकारने तसा ठराव केला. एक पक्षकार सरकारचाच भाग आणि ठराव लिहिणारंही तेच सरकार, ही गंमत तेव्हा कुणाला खटकली नसावी.

खरी मेख त्या ठरावाच्या दोन परिच्छेदांत आहे. नवव्या परिच्छेदात म्हटलंय की हद्द नकाशावरच्या हिरव्या रेघेप्रमाणे. ती हिरवी रेघ काढलीय खाडीच्या पूर्व काठाने, म्हणजे सगळी खाडी सिंधकडे. लगेच दहाव्या परिच्छेदात म्हटलंय की खाडी वेळोवेळी पात्र बदलते, म्हणून हद्द नौका चालणाऱ्या प्रवाहाच्या मधोमध धरावी. पाकिस्तान नववा परिच्छेद आणि हिरवी रेघ दाखवतो. भारत दहावा परिच्छेद दाखवतो, शिवाय 1925 चा नकाशा, त्यात सीमा खाडीच्या मध्यावर आहे. पाकिस्तान म्हणतो, ही खाडी नौका चालण्याजोगी नाहीच. भारत म्हणतो, भरतीला या, मासेमारीच्या बोटी चालताना दिसतील. मोजणीचा नकाशा एक सांगतो आणि फेरफार दुसरंच, अशा जमिनीवर दोन भाऊ कोर्टात जातात तसंच हे.

आता कुणी म्हणेल, अर्ध्या खाडीच्या चिखलासाठी एवढं काय? तर शेताच्या कोपऱ्याचा दगड हातभर सरकला की लांबच्या टोकाला बांध कितीतरी सरकतो. समुद्रात प्रत्येक देशाचा मासेमारीचा हक्क किनाऱ्यापासून 200 सागरी मैल, म्हणजे सुमारे 370 किलोमीटर चालतो. समुद्रातल्या हद्दीची रेघ खाडीच्या मुखापासून निघते. मुखाशी ती थोडी हलली की पुढे हजारो चौरस किलोमीटर पाणी या नाहीतर त्या देशाकडे जातं. त्यात मासळी आली, खाली तेल किंवा वायू असला तर तोही आला. 1914 ला सरपण मोजणाऱ्यांच्या हे स्वप्नातही नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर ही संस्थान-इलाख्याची हद्द थेट दोन देशांची सीमा झाली. 1965 मध्ये रणात लढाई झाली, वाद तीन सदस्यांच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाकडे गेला, 1968 मध्ये निवाडा आला. पाकिस्तानला मागितलेल्यापैकी दहा टक्क्यांच्या आसपास जागा मिळाली. पण सर खाडी त्या निवाड्यातून बाहेरच राहिली. पुढे चर्चेच्या फेऱ्या झाल्या, 2007 मध्ये दोघांनी मिळून खाडीची मोजणीही केली. भारत म्हणतो, आधी समुद्राकडून हद्द आखत येऊ. पाकिस्तान म्हणतो, आधी खाडी. तिथेच गाडं अडलंय.

मग बोटी त्या बाजूला जातात कशाला? सिंधू नदीच्या मुखाजवळचं पाणी गाळाचं, मासळीला पोषक. गुजरातच्या किनाऱ्याजवळची मासळी ट्रॉलरनी ओरबाडली, म्हणून तांडेल आणखी वर सरकतो. समुद्रात हद्दीचा खांब नसतो. जीपीएस असतं, पण रात्री जाळं टाकल्यावर बोट ओढीने कुठे गेली ते कळेपर्यंत उशीर होतो. काही वेळा मुद्दाम जातात, हेही खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण तो निर्णय तांडेल आणि शेठचा. जाळं ओढणाऱ्या खलाशाला कोण विचारतं? नोव्हेंबर 2021 मध्ये पाकिस्तानी सागरी दलाने बोटीवर गोळीबार केला, त्यात मेला तो आपल्या पालघर जिल्ह्यातलाच खलाशी.

1 जुलै 2025 ला दोन्ही देशांनी एकमेकांना कैद्यांच्या याद्या दिल्या. पाकिस्तानच्या ताब्यात 193 भारतीय मच्छीमार, भारताच्या ताब्यात 81 पाकिस्तानी मच्छीमार. तेही असेच कुणाच्या तरी बोटीवर राबणारे गरीब. शिक्षा पूर्ण होऊनही पाकिस्तानने न सोडलेल्या भारतीय मच्छीमार आणि इतर कैद्यांचा आकडा भारताने 159 सांगितला.

हा आकडा खाडीच्या वादाशी जोडायचं कारणच नाही. दोन्ही देशांमध्ये 2008 चा करार आहे. शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्व पटलं की महिन्याभरात सोडायचं, असं त्यात लिहिलंय. दोघांनीही मान्य केलेल्या 1982 च्या समुद्र कायदा करारात तर असं आहे की, किनाऱ्यालगतचे 12 सागरी मैल सोडून पुढच्या पाण्यात मासेमारीचा नियम मोडला तर, देशांमध्ये वेगळा समझोता नसेल तोवर, तुरुंगाची शिक्षा द्यायची नाही, जामीन घेऊन बोट आणि माणसं लवकर सोडायची. खाडी आणखी शंभर वर्षं भिजत पडली तरी हे दोन नियम पाळायला कुणी अडवलेलं नाही. कैद्यांची विचारपूस करायला दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती होती. ती 2013 नंतर भेटलेली नाही. मोठी भाषणं देणाऱ्यांना हा प्रश्न विचारायला हवा.

राष्ट्रीयत्व पटवण्याचं काम मात्र गावातच होतं. दिल्लीहून कागद राज्याकडे येतो आणि तिथून तालुक्याच्या पोलीस ठाण्यात. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, बोटीच्या टोकनवर घरगुती तिसरंच, असं असलं की कागद परत फिरतो आणि तिकडे माणसाचे महिने जातात. म्हणून यंदा बोटीवर जाणाऱ्याने टोकनवर आधारप्रमाणे पूर्ण नाव आहे का, ते स्वतः बघावं. बोटीचं नाव, नंबर आणि शेठचा फोन घरी लिहून ठेवावा. उचल घेतानाच हे विचारलं तर शेठ नाही म्हणत नाही. बोट धरल्यावर मात्र फोन लागत नाही.