कागद मागणाऱ्या सिस्टर

कॉन्व्हेंटच्या शाळेत मुलीला प्रवेश मिळावा म्हणून ओळखी काढणारी आणि मिशनच्या दवाखान्यात आजारी आईला निर्धास्तपणे सोडून येणारी माणसे आपल्याकडे सगळ्या धर्मांत आहेत. सिस्टरांच्या शिस्तीबद्दल, टापटिपीबद्दल, सेवाभावाबद्दल कुणी वावगे बोलत नाही. कुरबुर सुरू होते ती त्यांच्यातली एखादी जमिनीचे कागद दाखवा म्हणते तेव्हा. सावकाराच्या वहीतल्या आकड्यांबद्दल विचारते किंवा खाणकंपनीला करारातले कलम वाचून दाखवते तेव्हा. कालपर्यंत गावाने आपली मानलेली ती बाई त्या दिवसापासून बाहेरची ठरते. सेवेला मान आणि न्यायाच्या मागणीला संशय, हा भेद आपण फार दिवस चालवून घेतला आहे, आणि त्याची किंमत काही सिस्टरांनी जिवानिशी मोजली आहे.

झारखंडच्या पाकुड जिल्ह्यात पचुवाडा नावाचे संथाळांचे गाव आहे. एर्नाकुलमजवळची एक शिक्षिका सिस्टर होऊन नव्वदच्या दशकात या भागात आली. वल्सा जॉन त्यांचे नाव, आणि ‘सिस्टर्स ऑफ चॅरिटी ऑफ जीझस अँड मेरी’ हा त्यांचा संघ. मठाच्या आवारात न राहता त्या गावात राहू लागल्या, संथाळी बोलू लागल्या. गावाखाली कोळसा होता. तो पंजाबच्या वीज मंडळाच्या औष्णिक केंद्रांसाठी काढायचा, असे २००१ साली ठरले आणि त्यासाठी मंडळाने एका खासगी कंपनीबरोबर ‘पॅनेम’ ही संयुक्त कंपनी उभी केली. संथाळ परगण्यात १९४९ चा कुळकायदा आहे. आदिवासींची जमीन परक्याच्या हाती जाऊ नये, हेच त्या कायद्याचे प्रयोजन. तरीही सार्वजनिक हिताच्या नावाखाली भूसंपादन सुरू झाले. ‘राजमहल पहाड बचाओ’ आंदोलन उभे राहिले, आणि सिस्टर वल्सा त्यात गावकऱ्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

२००६ च्या नोव्हेंबरमध्ये गाव आणि कंपनी यांच्यात करार झाला. जमिनीची भरपाई, घरे, रोजगार, शाळा, दवाखाना यांची हमी त्यात होती. चळवळीतल्या काही मित्रांना ही तडजोड आवडली नाही, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे नाही. पण न्यायालयात हरत आलेल्या गावाने निदान काय मिळवायचे, हा प्रश्न तिथे राहणाऱ्या बाईला टाळता येण्यासारखा नव्हता. त्यानंतरची पाच वर्षे त्या एकाच कामाच्या मागे लागल्या: कागदावर कबूल केलेले कंपनीकडून पदरात पाडून घेणे. दवाखाना कधी बांधणार? नोकरी मिळालेल्यांच्या यादीत कुणाची नावे आहेत? ज्या घरांची जमीन गेली त्यांची नावे तीत का नाहीत? एका माणसाने हे विचारले की ती तक्रार होते. सगळे गाव कराराची प्रत हातात धरून विचारू लागले की ट्रक थांबतात.

खाण आली की ती जमिनीबरोबर गावही पोखरते, हे मात्र उघडपणे बोलले पाहिजे. कुणाला ठेका मिळतो, कुणाला ट्रक मिळतो, कुणाला काहीच मिळत नाही. काल एका पंगतीला बसणारी माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. १५ नोव्हेंबर २०११ च्या रात्री जमाव सिस्टर वल्सांच्या घरात घुसला आणि त्यांना ठार मारले. पोलिसांनी माओवादी आणि परिसरातली नाराज माणसे यांच्याकडे बोट दाखवले, तर वल्सांच्या नातेवाइकांनी कोळसा माफियाकडे. ज्यांच्यासाठी लढल्या त्यांच्यातलेच काहीजण मारेकऱ्यांत होते, म्हणजे लढाच फोल होता, असा निष्कर्ष काढणारे तेव्हाही होते. आम्हाला तो मान्य नाही. गाव दुभंगणे हा अशा प्रकल्पांचा अपघाताने होणारा परिणाम नसतो. गाव दुभंगल्यावाचून अशी जमीन सहसा हाती येतच नाही. तो दिवस बिरसा मुंडांच्या जयंतीचा होता, आणि झारखंड राज्याच्या स्थापनेचाही. जमिनीसाठी लढलेल्या माणसाच्या नावाने राज्यभर सोहळे होत असताना पचुवाड्यात हे घडले.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने कोळसा खाणींची २१४ वाटपे बेकायदा ठरवून रद्द केली, त्यांत पचुवाड्याचीही होती. पुढे नव्या कायद्याखाली ती खाण पुन्हा पंजाबच्याच वीज कंपनीला मिळाली. वाटप बेकायदा होते, हे कळायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला तेरा वर्षे लागली. गावातल्या संथाळांना आणि त्यांच्या सिस्टरला ते पहिल्या दिवसापासून जाणवत होते.

सिस्टर राणी मारिया यांची गोष्ट अधिक लोकांना ठाऊक आहे, पण अर्धीच. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यात उदयनगरला त्या काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला निघालेल्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत, समंदरसिंग नावाच्या तरुणाने त्यांच्यावर सुऱ्याचे पन्नासहून अधिक घाव घातले. राणी मारियांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, याही सिस्टरच. त्यांनी २००२ साली तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याला माफ केले, त्याच्या सुटकेसाठी अर्ज केले, आणि तो सुटलाही. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये इंदुरात राणी मारियांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले त्या सोहळ्याला तो हजर होता. कुणाचेही डोळे पाणवावेत अशीच ही क्षमा आहे. मात्र ती सांगता सांगता सावकार गोष्टीतून गळून पडतो.

राणी मारियांचा ‘गुन्हा’ काय होता? तिथला आदिवासी शेतकरी पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठी उचल घेई आणि पीक निघाले की ते सावकाराच्या खळ्यावर नेऊन ओती. वहीत काय लिहिले आहे, हे त्याला वाचता येत नसे. राणी मारियांनी बायकांचे बचतगट उभे केले, बँकेचे अर्ज भरायला शिकवले, सरकारी योजनांतले बियाणे आणि कर्ज थेट शेतकऱ्याच्या हाती कसे पडेल ते पाहिले. बँकेचे पासबुक हाती आलेला माणूस सावकाराच्या ओट्यावर कशाला जाईल? वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेला धंदा त्या छोट्या वहीने मोडीत निघू लागला, आणि सुरा परजला गेला तो त्यासाठी. शिक्षा भोगली ती सुरा चालवणाऱ्याने. त्याच्या हाती सुरा देणारे मात्र मोकळे राहिले.

ब्राझीलमधली अशीच एक हकिगत इथे आठवते. मूळच्या अमेरिकन, पण ब्राझीलचे नागरिकत्व घेतलेल्या सिस्टर डोरोथी स्टँग अॅमेझॉनच्या जंगलात, पारा राज्यातल्या अनापू इथे भूमिहीनांच्या वसाहतीत काम करत. जंगलाचा मोठा भाग राखून उरलेल्यात शेती करायची, अशी ती वसाहत. जंगल जाळून गुरांचे रान करू पाहणाऱ्यांना ती खुपत होती. १२ फेब्रुवारी २००५ ला ७३ वर्षांच्या डोरोथींना कच्च्या रस्त्यावर गोळ्या घातल्या. तिथे मात्र खटले वर्षानुवर्षे चालले, निकाल उलटसुलट झाले, तरी शेवटी खुनाचा हुकूम देणाऱ्या दोन जमीनदारांवर दोष सिद्ध झाला. आपल्याकडे हात सापडतो, डोके सापडत नाही.

धरणीमातेची काळजी आणि गरिबांचा न्याय ही एकच गोष्ट आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या परिपत्रकात बजावले आणि जगभर त्याची चर्चा झाली. केरळच्या किनाऱ्यावरच्या काही सिस्टरांनी ते तीस वर्षांपूर्वीच करून दाखवले होते. कोळंबीच्या निर्यातीच्या हव्यासापायी ट्रॉलर वाढले. ऐन पावसाळ्यात, मासळीच्या विणीच्या दिवसांत, ते समुद्राचा तळ खरवडू लागले आणि लहान होड्यांच्या जाळ्यांत काही येईनासे झाले. पावसाळ्यात ट्रॉलर बंद ठेवा, या मागणीसाठी १९८४ साली मच्छीमारांचे मोठे आंदोलन झाले. सिस्टर अ‍ॅलिस त्यात उपोषणाला बसल्या. सिस्टर फिलोमिन मेरी आणि इतर काहीजणी बायकांना संघटित करत होत्या. मासळीची पाटी डोक्यावर घेतलेल्या बायकांना बसमध्ये घेत नाहीत, या साध्या गाऱ्हाण्यापासून त्यांच्या कामाला सुरुवात झाली होती. झग्यातल्या सिस्टर रस्त्यावर उतरून सरकारला आव्हान देतात, हे चर्चमधल्या अनेक वरिष्ठांनाही रुचले नाही. ख्रिस्ती माणसे ट्रॉलरवाल्यांतही होती आणि होडीवाल्यांतही, तेव्हा चर्चने कुणाची बाजू घ्यायची, हा पेच होता. सिस्टरांना तो पडला नाही. समित्यांवर समित्या झाल्या आणि १९८८ पासून केरळात पावसाळी ट्रॉलरबंदी सुरू झाली. आज जून-जुलैत आपल्या कोकण किनाऱ्यावरही यांत्रिक नौकांना बंदी असते. विणीच्या काळात समुद्राला उसंत द्यायची, हे आता सगळ्यांनाच पटलेले आहे. त्या काळी ते मागायला बायकांना उपाशी बसावे लागले होते.

आणि आता धर्मांतराचा विषय, कारण तो निघतोच. ज्यांना तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो त्यांनी तो जरूर विचारावा. आमचा प्रतिप्रश्न एवढाच आहे की, सिस्टर पंचवीस वर्षे मलमपट्टी करत असते तोवर तो कुणाला सुचत नाही आणि तिने मजुरीचा दर विचारला की दुसऱ्याच दिवशी कसा सुचतो? २५ जुलै २०२५ रोजी छत्तीसगडमधल्या दुर्ग रेल्वे स्थानकावर केरळच्या दोन सिस्टरांना अटक झाली. मानवी तस्करी आणि धर्मांतर, असे दोन्ही आरोप. बरोबरच्या आदिवासी मुली नोकरीसाठी आग्र्याला निघाल्या होत्या. २ ऑगस्टला जामीन मिळाला. गुन्हा घडला की नाही ते न्यायालय ठरवील. पण फलाटावर जमाव गोळा होतो आणि त्याच्या ओरड्यावर अटकेची चक्रे फिरतात, हे कुठल्याही धर्माच्या बाईसाठी धोक्याचे आहे. आदिवासी मुलींच्या शोषणाची खरोखर काळजी असणाऱ्यांनी त्या मुली महानगरांत कुणाच्या घरी, किती पगारावर राबतात, याचीही चौकशी करावी.

ती चौकशी मुंबईत एका सिस्टरने कधीच सुरू केली होती. बेल्जियममध्ये जन्मलेल्या सिस्टर जीन डेव्होस १९६३ साली भारतात आल्या. १९८५ मध्ये त्यांनी मुंबईत घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ उभी केली. पुण्यात मोलकरणींचा उत्स्फूर्त संप होऊन संघटना झाली ती १९८० मध्ये, म्हणजे जमीन आपल्याकडे तयार होती. आठवड्याची सुट्टी, आजारपणाची भरपगारी रजा, दिवाळीचा बोनस, काढून टाकण्याआधी महिन्याची सूचना: मागण्या म्हणून पाहिल्या तर किती साध्या. पण त्या आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या, आणि तिथे पुरोगामी घरेही गडबडली. कोळशाच्या कंपनीविरुद्ध लिहिणे आम्हा लेखकांना सोपे आहे. भांडी घासणाऱ्या मावशींच्या सुट्टीचा हिशेब घालणे तेवढे सोपे जात नाही.

या चळवळींच्या रेट्याने महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात नोंदणी आहे, काही कल्याणकारी लाभ आहेत. किमान वेतनाचे बंधन नाही. २०११ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण अजून त्यावर मान्यतेची मोहोर उठवलेली नाही. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला तज्ज्ञ समिती नेमून घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करायला सांगितले. हा कायदा व्हावा, त्यात वेतन, सुट्टी आणि लेखी करार बंधनकारक असावा, आणि केंद्राची वाट न पाहता महाराष्ट्राने आपल्या २००८ च्या कायद्यात ही दुरुस्ती आधी करावी.