नकलेची मुभा द्या : मराठवाडा साहित्य परिषदेस खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
मराठवाडा साहित्य परिषद,
छत्रपती संभाजीनगर



गेल्या उन्हाळ्यात हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळातले वृत्तपत्रांचे अंक पाहायला मी एका ग्रंथालयात गेलो होतो. पान उलटले की कडेचा तुकडा टेबलावर पडायचा. मोबाइलवर फोटो घेऊ का, असे विचारले. ‘कॉपीराइटचा प्रश्न येतो,’ असे उत्तर आले. कॉपीराइट कोणाचा, हे मात्र तिथे कोणालाच सांगता येईना. खरे तर निनावी अग्रलेखांवरचा आणि बातम्यांवरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. म्हणजे माझ्यासमोरचा बराच मजकूर केव्हाच मोकळा झालेला होता. पण तसे कुठे लिहिलेले नव्हते, आणि लिहिलेले नसले की सांभाळणारा माणूस नाहीच म्हणतो. त्याच्या जागी मीही कदाचित तेच केले असते.

तो नकार मला फार लागला, कारण त्याच काळातले एक पत्र हातोहात फिरणाऱ्या प्रतींवरच जगले होते. आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक पुण्याहून काढले, कारण निजामाच्या हैदराबाद संस्थानात असे पत्र चालवणे शक्य नव्हते. ‘गश्ती त्रेपन्न’ या निजामी हुकमामुळे जिथे साधी सभा घ्यायलाही आधी परवानगी लागे, तिथे छापखान्याचे काय सांगावे! हैदराबाद सरकारने पत्रावर बंदी घातली की वाघमारे नाव बदलून अंक काढायचे. पुन्हा बंदी, पुन्हा नवे नाव. हे पत्र जगले, कारण त्याच्या प्रती सरहद्दीच्या अलीकडे हातोहात फिरत होत्या. एका कपाटातला एकच अंक असता तर एका शिपायाने काम भागले असते. पुढे हेच पत्र या शहरात अनंत भालेराव यांनी चालवले, आणि स्वतंत्र भारताच्या सरकारने आणीबाणीत त्यांना तुरुंगात टाकले.

आपली परिषदही त्याच निजामी राजवटीत, १९४३ साली उभी राहिली. मराठी शाळेसाठी, मराठी पुस्तकासाठी तेव्हा किती झगडावे लागले, हे आपल्याला मी सांगायला नको. म्हणूनच हे पत्र सरकारला न लिहिता आपल्याला लिहितो आहे.

आज बंदीचा हुकूम गावात दवंडी पिटून येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली केंद्र सरकार एखादे पान किंवा खाते बंद करायला सांगू शकते, आणि त्या कलमाखालच्या २००९ च्या नियमांतला सोळावा नियम हा सारा व्यवहार गोपनीय ठेवायला सांगतो. वाचकाला काल दिसणारे पान आज दिसत नाही, एवढेच कळते. न्यायालये अधूनमधून आवर घालतात. सरकारविषयीचे काय खोटे आहे हे सरकारनेच ठरवण्याची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. पण निकाल येईपर्यंत वर्षे जातात.

मजकूर नाहीसा करण्याची याहून सोपी एक वाट आहे, आणि तिच्याबद्दल साहित्यिकांत फारसे बोलले जात नाही. कोणीही उठून ‘हा मजकूर माझ्या हक्काचा आहे’ अशी लेखी तक्रार केली की कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार संकेतस्थळाला तो मजकूर २१ दिवस बाजूला ठेवावा लागू शकतो. तेवढ्या दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो परत दिसू शकतो. पण निवडणुकीच्या किंवा आंदोलनाच्या दिवसांत २१ दिवस गेले की त्या लेखाचे काम संपलेले असते. लेखकाने आधीच मुक्त परवाना, म्हणजे कोणालाही नक्कल करण्याची मुभा, लिहून ठेवला असेल तर अशा तक्रारीला तिथल्या तिथे उत्तर देता येते. आणि परवान्यानुसार घेतलेल्या प्रती पाच-पन्नास ठिकाणी असतील, तर एक पान मिटवून लेख मिटत नाही.

‘पीडीएफ फुकट ठेवली आहे’ एवढ्याने हे साधत नाही. फुकट वाचू दिले, पण नक्कल करू दिली नाही, तर ते पुस्तक पुन्हा एकाच कपाटात राहिले. क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेयनिर्देश आणि समान-वितरण परवाना सांगतो तो एवढाच : लेखकाचे नाव द्या, बदल केले असतील तर ते सांगा, आणि पुढे देताना याच अटींवर द्या. मग परभणीतला शिक्षक त्यातला धडा मुलांना छापून देऊ शकतो, कोणी त्याचे ध्वनिमुद्रण करू शकतो, विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात तो जसाच्या तसा टंकून घेता येतो.

असा परवाना नसेल तर किती थांबावे लागते, हे आपल्या बी. रघुनाथांवरूनच पाहा. ते ७ सप्टेंबर १९५३ ला गेले. लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षे भरली आणि १ जानेवारी २०१४ पासून त्यांचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन सर्वांचे झाले. ‘जगाला कळले पाहिजे’ असे कादंबरीचे नाव ठेवणाऱ्या या लेखकाचे साहित्य आता कोणीही निर्धास्त छापू शकतो. पण नरहर कुरुंदकर १९८२ साली गेले, त्यांच्यासाठी २०४३ उजाडावे लागेल. अनंत भालेराव १९९१ साली गेले. ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हे त्यांचे पुस्तक आपोआप मोकळे व्हायला २०५२ चा जानेवारी यावा लागेल. आज शाळेत असलेली मुले तेव्हा तिशी-चाळिशीत असतील. एवढे थांबायचे कशाला? वारसांनी ठरवले तर हे एका संमतीपत्राने आजच होऊ शकते.

परिषदेकडे मागणे आहे ते इथे. परिषदेच्या ‘प्रतिष्ठान’ या नियतकालिकाच्या अंकांत जे परिषदेच्या स्वतःच्या हक्काचे आहे, त्यावर वर सांगितलेला श्रेयनिर्देश आणि समान-वितरण परवाना छापावा. बाकीच्या लेखांचा हक्क मुख्यतः ज्याच्या त्याच्या लेखकाकडे आहे, म्हणून लेखकांना आणि वारसांना पत्रे घालावी लागतील. काम किचकट आहे. अनोळखी माणसाच्या पत्राला वारस उत्तर देणार नाहीत. परिषदेच्या पत्राला देतील. नवे लेख स्वीकारतानाच ही संमती विचारावी, आणि जो लेखक नको म्हणेल त्याचा लेख तितक्याच आदराने नेहमीसारखा छापावा.

लेखकाच्या पोटाचे काय, हा प्रश्न मला खरा वाटतो. ज्यांचे घर लेखनावर चालते त्यांच्यावर ही सक्ती कोणी करू नये. पण पंधरा वर्षांपूर्वीच्या अंकातल्या समीक्षालेखातून कोणाला मानधन मिळते आहे? त्या लेखाला हवा आहे वाचक. दुसरी भीती मोडतोडीची. तिथे कलम ५७ आहेच : लेखनाची विकृती करून लेखकाच्या नावलौकिकाला धक्का लावला तर दाद मागण्याचा हक्क कॉपीराइट दुसऱ्याला दिला तरी लेखकाकडेच राहतो.

असे आधी कोणी केले आहे का, असेही विचारले जाईल. शेजारच्या गोवा विद्यापीठाने आपला कोंकणी विश्वकोश २०१३ साली याच परवान्याखाली खुला केला. कोंकणीएवढ्या लहान भाषेने ते केले, आणि विकिपीडियासाठी लिहिणाऱ्यांना एक भक्कम आधार मिळाला.

संमतीपत्राचा एक पानी मसुदा मी मराठीत तयार केला आहे. वकिलाच्या नजरेखालून तो एकदा जायला हवा. नांदेड, परभणी, बीड, जिथे वारस असतील तिथे तो घेऊन जायची माझी तयारी आहे. सोबत येतो म्हणणारे चार विद्यार्थीही आहेत. कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत आम्हाला दहा मिनिटे द्यावीत.

आपला,
मराठवाड्यातला एक वाचक