निबंध मिळाला, पण पारखला का?

‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ या योजनेमुळे १ जानेवारी २०२५ पासून देशातील ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांना सुमारे १३,००० संशोधन-नियतकालिके खुली झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची ही तरतूद स्वागतार्हच आहे. परंतु निबंध हाती येणे निराळे आणि तो पारखता येणे निराळे. ही पारख आपल्या वर्गांत पुरेशी शिकवली जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनचे उदाहरण पाहा. मार्च २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने कोविड रुग्णांची सेवा करणाऱ्यांना हे औषध प्रतिबंधक म्हणून सुचवले होते. २२ मे रोजी ‘लॅन्सेट’मधील निबंधाने या औषधाचा संबंध वाढत्या मृत्यूंशी जोडला. सहा खंडांतील ६७१ रुग्णालये आणि ९६,०३२ रुग्ण! गोषवारा वाचून कोणाचाही विश्वास बसावा. तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाची चाचणी स्थगित केल्याचे जाहीर केले. मात्र आतील आकडे तपासणाऱ्यांना आढळले, की निबंधातील ऑस्ट्रेलियाचे मृत्यू त्या देशाच्या अधिकृत नोंदीहून अधिक आहेत. मूळ विदा स्वतंत्र परीक्षकांना मिळालीच नाही आणि ४ जूनला निबंध मागे घेतला गेला.

यावरून औषध गुणकारी ठरले काय? मुळीच नाही. पुढील मोठ्या चाचण्यांत रुग्णालयातील रुग्णांना त्याचा लाभ दिसला नाही. निबंध मागे घेतला गेला, याचा अर्थ त्याचा पुरावा बाद झाला. उलट निष्कर्ष आपोआप सिद्ध होत नाही. हा विवेकही पारखण्याचाच भाग आहे.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, सारांश लिहिण्यापूर्वी गोषवारा बाजूला ठेवा. प्रश्न कोणता होता? नमुना किती व कसा निवडला? तुलना कशाशी केली? विदा तपासण्यास खुली आहे काय? निष्कर्ष पुराव्याच्या पुढे तर धावत नाही ना? आणि निबंध आजही ग्राह्य आहे, की मागे घेतला गेला आहे? या प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत मांडता आली, तरच तो निबंध वाचला असे समजावे.

मार्गदर्शकांनाही विनंती आहे: प्रबंधातील संदर्भ मोजण्याऐवजी त्यांतील कोणताही एक निवडा आणि विद्यार्थ्याला त्याची उणीव विचारा. संदर्भसूचीच्या लांबीपेक्षा ते एक उत्तर अधिक बोलके असेल.