सिनेमातला बाप शेवटी हात सोडतो. गावकी सोडत नाही.

२०१० साली आलेला 'मुंबई-पुणे-मुंबई' आठवा. घरच्यांनी पाहिलेल्या मुलाला नकार द्यायला मुलगी मुंबईहून पुण्याला येते. एका अनोळखी मुलासोबत तिचा अख्खा दिवस जातो. भांडता भांडता मन जुळते. आणि शेवटी कळते की हा अनोळखी म्हणजे घरच्यांनी पाहिलेला तोच मुलगा! मुलगी खूश, आईबाप खूश, आणि सगळ्यात खूश जातिव्यवस्था. मन कितीही मोकळे सोडा, ते फिरून कांदेपोह्यांच्या बशीपाशीच येते, असा हा हिशेब आहे.

जातीतल्या जातीत लग्न हाच जातीचा गाभा आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवून दिले. १९३६ साली 'जातिभेद निर्मूलना'त त्यांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला. म्हणजे कोणी कोणावर प्रेम करायचे हा या देशात राजकीय प्रश्न आहे. रोमँटिक कॉमेडी नेमका तोच प्रश्न पुसते. तिथे आड येतो तो गैरसमज, नाहीतर तापट बाप. 'करमणूक आहे, इतके काय मनावर घेता?' असे म्हणणाऱ्यांना एकच विचारतो. प्रेमाबद्दल ना घरात कोणी बोलते ना शाळेत. मग आपली पोरे प्रेम करायला शिकतात कुठून?

पहिला धडा त्यांना मिळतो तो असा: नकार म्हणजे उशिरा येणारा होकार. मागे लागा, मुलगी मानतेच. जानेवारी २०१४ मध्ये 'टाइमपास' आला. दगडू परब प्राजक्ता लेलेच्या मागे लागतो आणि थिएटर शिट्ट्यांनी दणाणते. त्याच वर्षी २८ एप्रिलला अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात १७ वर्षांच्या नितीन आगेचा खून झाला. संशय एवढाच, की तो सवर्ण मुलीशी बोलतो. साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. पडद्यावर पाठलाग केला तरी माणूस हिरो होतो. गावात आपल्या पोराच्या जिवावर बेतायला नुसता बोलल्याचा संशय पुरतो.

पण पाठलाग केवळ धोक्याचा आहे म्हणून टाळायचा नाही. तो मुलीवरचा अन्याय आहे, आणि २०१३ पासून कायद्याने गुन्हाही आहे. २५ डिसेंबरला मनुस्मृती दहनाची पोस्ट टाकायची आणि दुसऱ्या दिवशी नकार दिलेल्या मुलीच्या कॉलेजबाहेर गाडी लावून उभे राहायचे, याला आंबेडकरवाद म्हणत नाहीत.

दुसरा धडा: बाप शेवटी मानतोच. १९९५ च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा नायक पळून जायला नकार देतो, बापाच्या संमतीसाठी थांबतो, आणि बाप मुलीचा हात सोडतो. दोघेही पंजाबी असल्यामुळे बापाला फार काही सोडावे लागत नाही. आपल्या कोकणात बाप एकटा नसतो. त्याच्या मागे वाडी असते, गावकी असते, वाळीत टाकण्याची धमकी असते. ही प्रथा मोडायला महाराष्ट्राला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. अशा ठिकाणी बापाच्या हृदयपरिवर्तनाची वाट बघत बसलेली जोडपी तयारीच करत नाहीत.

तयारी कशाची? विशेष विवाह कायदा, १९५४. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात ३० दिवसांचे वास्तव्य लागते. नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लागते, मग ३० दिवस हरकतींसाठी. लग्नाला तीन साक्षीदार. सिनेमात हे ६० दिवस एका गाण्यात उडून जातात. प्रत्यक्षात कागदपत्रे कोणाकडे, मुलगी राहणार कुठे, पगार कोणाचा, सही करायला कोण येणार, याच दिवसांत प्रेमाची परीक्षा होते. अशा जोडप्यांना संरक्षण आणि सुरक्षित निवारा द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी खटल्यात २०१८ सालीच राज्यांना बजावले आहे. ते मागायचे असते हे आपल्या किती मुलामुलींना माहीत आहे?

तिसरा धडा: जितका थाट तितके प्रेम. आज रत्नागिरीत भाट्ये नाहीतर आरे-वारेच्या किनाऱ्यावर ड्रोन लावून प्री-वेडिंग शूट होते. बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे त्रिशरण-पंचशील घेऊन साधेपणाने होणाऱ्या आपल्या मंगलपरिणयालाही आता हळद, डीजे आणि शूट चिकटले आहे. गाणे चार मिनिटांचे असते, कर्जाचे हप्ते चार वर्षे चालतात.

आपल्याकडे दुसरे उदाहरण नाही असे नाही, आणि ते आपल्याच जिल्ह्याचे आहे. मंडणगडमधले आंबडवे बाबासाहेबांचे मूळ गाव. राजापूरमधले डोर्ले डॉ. शारदा कबीर यांच्या घराण्याचे. जन्माने त्या सारस्वत ब्राह्मण. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केले. एक आजारी, सत्तावन्न वर्षांचा कायदेमंत्री आणि एक डॉक्टर, दोघांचा डोळस निर्णय. या प्रेमकथेत गोड शेवटही नाही. १९५६ नंतर आपल्यातल्याच अनेकांनी माईसाहेबांना वर्षानुवर्षे संशयाने वागवले. जात ओलांडून आलेल्या बाईला सांभाळणे आपल्यालाही जमले नाही, हे आज तरी स्पष्ट बोलू या.

सिगालोवाद सुत्तात बुद्ध नवऱ्याला सांगतात: पत्नीचा सन्मान कर, तिचा अवमान करू नकोस, तिच्याशी एकनिष्ठ राहा, अधिकार तिच्या हाती दे. 'तिला पटव' असे त्यात कुठेच नाही.

म्हणून मित्र-मैत्रिणींनो, सिनेमा खुशाल बघा, हसा. पण प्रत्येक तालुक्यात साक्षीदार म्हणून सही करणारे तीन कार्यकर्ते, जोडप्याला महिना-दोन महिने ठेवून घेणारे एक घर आणि ओळखीचा एक वकील उभा करा. जात मोडायचे काम तिथे होते.

जय भीम!