हार्ड डिस्क ‘गेली’ म्हणण्याआधी

रोहिणी नक्षत्र लागलं की नांदेड-लातूरकडच्या माणसाचा एक डोळा आभाळाकडे असतो आणि दुसरा डीपीकडे. दुपारभर अंगाची लाहीलाही होते, चारच्या सुमारास वारं सुटतं, ढग दाटतात, दोन-चार विजा कडाडतात आणि लाइट जाते. परत येते तेव्हा कधीकधी उसळूनच येते. पंखा घोंघावायला लागतो, बल्ब पांढरेफटक पडतात आणि कुठूनतरी जळका वास येतो. दुसऱ्या दिवशी दवाखान्यांतून, पॅथॉलॉजी लॅबमधून, सोनोग्राफी सेंटरमधून एकच वाक्य ऐकू येतं, “सर, कॉम्प्युटर चालू होईना गेलंय.”

आरोग्याच्या सदरात हार्ड डिस्कचं काय काम, असं कुणी विचारेल. एक उदाहरण देतो. खोकल्यासाठी आलेल्या माणसाच्या छातीच्या एक्स-रेमध्ये एक गोल डाग दिसतो. हा डाग जुन्या, भरून आलेल्या क्षयाचा असू शकतो आणि कर्करोगाचाही. दोन वर्षांपूर्वीचा एक्स-रे मिळाला आणि त्यात तोच डाग तेवढाच असला, तर बहुतेक वेळा आम्ही निर्धास्त होतो. तो मिळाला नाही, तर सीटी स्कॅन, कदाचित सुई घालून तुकडा काढणं, हजारोंचा खर्च आणि घरातल्या सगळ्यांची झोप उडणं. जुनी फिल्म घरी पत्र्याच्या पेटीत सापडायची. आताचा एक्स-रे एका संगणकात असतो आणि तो संगणक त्या उसळून आलेल्या लाइटला जोडलेला असतो. ईसीजीचंही तसंच. छातीत दुखणाऱ्या माणसाच्या ईसीजीतला बदल नवा की जुना, यावर पुढचा तास ठरतो.

तीस-एक वर्षं सरकारी रुग्णालयात काम करताना अशा बऱ्याच ‘गेलेल्या’ डिस्क पाहिल्या. त्यावरून माझं मत असं झालं आहे, की विजेच्या झटक्यानं जेवढी माहिती जाते, त्याहून जास्त माहिती आपण पुढच्या तासाभरात घालवतो. वारंवार चालू करून बघतो, जो येईल त्याला उघडायला देतो आणि निदान होण्याआधीच उपचार सुरू करतो. वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षापासून आम्हाला जे शिकवतात, म्हणजे आधी हकिकत विचारा, मग तपासा, मग हात लावा, ते यंत्राच्या बाबतीत डॉक्टरसुद्धा विसरतात.

हकिकतीपासून सुरुवात करू. ‘झटका बसला’ एवढ्यानं भागत नाही, कारण झटके दोन जातींचे असतात. वीज जवळपास पडली तर तारांमधून हजारो व्होल्टचा लोट येतो, पण तो सेकंदाच्या अगदी बारीक अंशात संपतो. तो विजेच्या तारेतूनच येतो असंही नाही. ब्रॉडबँडची तांब्याची वायर, दुसऱ्या खोलीतून आलेली लॅनची केबल, गच्चीवरची डिश, कुठूनही तो आत शिरतो. दुसरी जात आपल्याकडे जास्त आढळते, तिला लोक ‘न्यूट्रल गेली’ म्हणतात. आपल्याकडे येते ती एका फेजची २३० व्होल्टची वीज. खांबावर मात्र तीन फेज असतात आणि कोणत्याही दोन फेजमधला दाब ४०० व्होल्टच्या आसपास असतो. वाऱ्यानं न्यूट्रलची तार तुटली किंवा डीपीवरचा जोड सैल झाला, की तिन्ही फेजमधला समतोल बिघडतो. ज्या फेजवर भार जास्त, तिथले दिवे मिणमिणतात. जिथे भार कमी, तिथला दाब ४०० कडे धावतो. आणि हे क्षणात संपत नाही, कुणी लाइनमनला फोन करेपर्यंत चालू राहतं.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा, “त्या वेळी शेजारी लाइट मंद झाली होती का?” उत्तर ‘हो’ आलं तर न्यूट्रलचा संशय धरायचा. मग घरातला फ्रीज, टीव्ही, चार्जर असं बरंच काही एकदम गेलेलं असतं. पण हार्ड डिस्क बऱ्याचदा शाबूत असते. कारण भिंतीतून येणारा मार आधी संगणकातलं एसएमपीएस झेलतं, म्हणजे २३० व्होल्टचे १२ आणि ५ व्होल्ट करणारा तो पत्र्याचा डबा. त्यातला फ्यूज उडतो, कपॅसिटर फुगतात, वास येतो तो तिथला. मात्र मरता मरता त्यानं १२ व्होल्टच्या वायरीतून जास्त दाब पुढे सोडला असेल, तर डिस्कला इजा होते. त्यामुळे संशयित एसएमपीएसला दुसरी चांगली डिस्क जोडून ‘बघू चालते का’ हा प्रयोग करू नये. एका रुग्णाचे दोन होतात.

आता तपासणी. डिस्क संगणकातून बाहेर काढायची आणि चांगल्या, खात्रीच्या एसएमपीएसवर एकदाच, फक्त एकदाच, लावून कान द्यायचा. स्टेथोस्कोप लागत नाही. पूर्ण शांतता असेल, तबकडी फिरण्याची थरथर हाताला लागत नसेल, तर दोष बहुधा डिस्कच्या पाठीवरच्या हिरव्या किंवा निळ्या सर्किट बोर्डात असतो. टक्-टक्-टक् असा ठरावीक ठोका येत असेल, तर माहिती वाचणाऱ्या डोक्याला तबकडीवरच्या खुणा सापडत नाहीत, असा त्याचा साधारण अर्थ. बारीक बीप किंवा गुणगुण येऊन काहीच फिरत नसेल, तर मोटर अडकली आहे किंवा डोकं तबकडीला चिकटलं आहे. आणि फिरण्याचा आवाज नेहमीसारखा असून संगणकाला डिस्क दिसत नसेल, तर आधी वायर आणि पोर्ट बदलून बघावं. निम्मी भीती तिथेच जाते.

गमतीची गोष्ट म्हणजे वरची शांतता ही सगळ्यांत घाबरवणारी, पण बऱ्याचदा सगळ्यांत बरी होणारी असते. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या एका गावात माझे एक डॉक्टर मित्र सोनोग्राफी सेंटर चालवतात. वळवाच्या पावसात त्यांचा संगणक गेला. दुरुस्तीच्या मुलानं नवं एसएमपीएस बसवलं, तरी पंखा एकदा हलायचा आणि थांबायचा. त्यानं मदरबोर्ड गेल्याचं सांगून नव्या संगणकाचा भावही दिला. मित्राला फोनवर म्हटलं, “डिस्कची पॉवरची वायर काढून मग चालू करायला सांगा.” काढल्याबरोबर संगणक चालू झाला.

घडलं होतं ते असं. डिस्कच्या बोर्डावर बहुतेक वेळा टीव्हीएस डायोड नावाचे दोन छोटे पहारेकरी असतात, एक ५ व्होल्टच्या वाटेवर आणि दुसरा १२ व्होल्टच्या. दाब मर्यादेबाहेर गेला की ते स्वतःतून प्रवाह खाली सोडतात आणि मागच्या नाजूक चिप वाचवतात. मार मोठा असेल तर या कामात ते स्वतः जळून कायमचे शॉर्ट होतात. मग एसएमपीएसला पुढे शॉर्ट दिसतं आणि ते चालू व्हायलाच नकार देतं, म्हणून सगळा संगणक मेल्यासारखा वाटतो. नांदेडच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारागिरानं मल्टिमीटर लावून पाहिलं. ५ व्होल्टची वाट आणि ग्राउंड यांच्यात रोध जवळजवळ शून्य. तुरीच्या डाळीएवढा तो डायोड त्यानं काढला, चांगल्या पुरवठ्यावर डिस्क फिरली आणि त्याच बैठकीत सगळी माहिती दोन ठिकाणी उतरवून घेतली. पहारेकरी नसलेली डिस्क पुन्हा वापरात घ्यायची नसते, ती कपाटात गेली. पीसीपीएनडीटीच्या फॉर्म एफची चिंता मित्राला नव्हतीच. संगणकातल्या नोंदीची छापील, सही केलेली प्रत ठेवा, असं तो कायदा आणि त्याचे नियम सांगतात, त्या प्रती फाइलला होत्या. जीव टांगणीला लागला होता तो चार वर्षांच्या चित्रांसाठी.

डायोड सोडून बोर्डच जळला असेल तर लोक तशाच दुसऱ्या डिस्कचा बोर्ड काढून लावतात. मॉडेल तेच, दिसतोही तसाच. पण प्रत्येक डिस्कच्या डोक्यांची नेमकी मापं कारखान्यात त्याच डिस्कसाठी घेतलेली असतात आणि त्यांतली बरीचशी बोर्डावरच्या एका बारीक चिपमध्ये असतात. ती चिप जुन्या बोर्डावरून काढून नव्यावर बसवल्याशिवाय आजकालच्या डिस्क सहसा चालत नाहीत. रक्ताची पिशवी दिसायला सारखीच असते, म्हणून आपण क्रॉस-मॅच न करता चढवतो का?

टक्-टक् करणाऱ्या डिस्कच्या बाबतीत मात्र माझा आग्रह जरा कडक आहे. आवाज ऐकला की वीज बंद. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीपासून डोकं अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. माणसाच्या केसाची जाडी त्याच्या हजारो पट भरेल. डोकं जायबंदी असेल तर प्रत्येक वेळी चालू केल्यावर ते तबकडीवरचा थर खरवडू शकतं, आणि माहिती म्हणजे तो थरच. अशा डिस्कवर विंडोजचं ‘चेक डिस्क’ चालवणं, ती फ्रीजरमध्ये ठेवणं, हलक्या हातानं टपली मारणं, टेबलावर झाकण उघडून आत बघणं, हे सगळे उपाय मी होताना पाहिलेत. झाकण उघडायचं ते धूळविरहित खोलीत, आणि ती सोय पुणे, मुंबई, हैदराबादकडच्या प्रयोगशाळांत मिळते. डिस्क ओळखली जाते पण अडखळत वाचते, अशी मधली अवस्था असेल तर दुरुस्ती आधी करायची नाही. डीडीरेस्क्यूसारखं फुकट मिळणारं साधन खराब जागा आधी ओलांडून चांगला भाग उतरवून घेतं, अडलेल्या जागांकडे नंतर वळतं. जाणकारानं ते चालवावं आणि पुढची सगळी खटपट त्या नकलेवर करावी.

नव्या संगणकांत एसएसडी असते. तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे ऐकण्यासारखंही काही नाही. कंट्रोलर जळला तर माहिती परत मिळणं बऱ्याचदा हार्ड डिस्कपेक्षा अवघड जातं. वेग आवडतो म्हणून एसएसडी जरूर घ्या, पण ती जास्त सुरक्षित आहे या समजात राहू नका.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. दुरुस्तीला दिलेल्या डिस्कबरोबर रुग्णांची नावं, मोबाइल नंबर, एचआयव्हीचे रिपोर्ट असं सगळं दुकानाच्या काउंटरवर जातं. एचआयव्हीबाधितांची माहिती गोपनीय ठेवणं २०१७ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. तरीही ‘काही नाही होत’ म्हणत डिस्क पाठवली जाते आणि दुरुस्त नाही झाली तर भंगारात जाते. निदान कुणाला दिली, कधी दिली, याची लेखी पावती घ्यावी, आणि बाद झालेली डिस्क भोकं पाडून मगच टाकावी.

प्रतिबंधाचं सांगायचं तर सुरुवात जमिनीपासून करावी लागते. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, आणि कोरड्या मातीत अर्थिंग कमजोर पडतं. नेमकी तेव्हाच वळवाची वीज येते. भिंतीवरच्या सर्ज प्रोटेक्टरला जादा प्रवाह ढकलायला चांगली जमीनच नसेल, तर त्याचा निम्मा उपयोग संपतो. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायचं काम शिपाईमामांना नेमून द्यावं आणि वर्षातून एकदा इलेक्ट्रिशियनकडून माप घ्यावं. ‘यूपीएस आहे की’ हे उत्तर पुरेसं नाही. स्वस्तातले बरेच यूपीएस लाइट असताना भिंतीतली वीज जवळजवळ तशीच पुढे पाठवतात, आणि लॅनच्या वायरीतून येणाऱ्या लोटाशी त्यांचा संबंधच नसतो. न्यूट्रल जाण्यावर उपाय वेगळा, तो म्हणजे दाब वाढला की पुरवठा तोडणारं उपकरण. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ अॅप जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं. ते शेतकऱ्यांसाठी जीव वाचवणारं आहेच, दवाखान्यातही इशारा आला की संगणक रीतसर बंद करून प्लग आणि लॅन दोन्ही उपसता येतात.

तरीही डिस्क एक ना एक दिवस जाणारच, आणि बऱ्याचदा न सांगता. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कमध्ये धोक्याच्या चार प्रमुख खुणांपैकी एकही आधी दिसली नव्हती. हे आम्हा डॉक्टरांना ओळखीचं आहे. सकाळी ईसीजी नॉर्मल आणि रात्री हार्ट अटॅक, असे रुग्ण आम्ही पाहतो.

म्हणून दुसरी प्रत हवी, आणि ती यंत्राला कायम जोडलेली नको. शेजारी सतत लावून ठेवलेली बाहेरची डिस्क त्याच झटक्यात जाते. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सर्वांत नामांकित रुग्णालयाला जवळपास दोन आठवडे कागदावर काम करावं लागलं. तिथे वीज पडली नव्हती, पण प्रत कुठे ठेवायची हा प्रश्न तोच होता. आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षं ठेवायच्या आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या, असं डॉक्टरांसाठीचे २००२ चे आचारनियम सांगतात. डिस्क जळाली हे त्यावरचं उत्तर होत नाही. सरकारी दवाखान्यांत यंत्र खरेदी होतं, उद्घाटन होतं, पण त्यातल्या माहितीची प्रत दर शनिवारी कोण काढणार, हे कुठल्याही आदेशात नावानिशी लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. दोन बाहेरच्या डिस्क, आलटून पालटून, एक कायम दुसऱ्या इमारतीत, पासवर्ड लावून. खर्च काही हजारांचा, काम अर्ध्या तासाचं. ते करणाऱ्याचं नाव ड्यूटीच्या तक्त्यावर आलं पाहिजे.

तोवर आपल्या भागातली सर्वांत भरवशाची प्रत रुग्णाच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. कंधारहून, मुखेडहून, उदगीरहून येणारी म्हातारी माणसं दहा वर्षांचे कागद त्या पिशवीत घडी घालून आणतात, आणि आमचे तरुण डॉक्टर कधीकधी वैतागून म्हणतात, “मावशी, एवढं सगळं कशाला आणलं?” आणू द्या. उलट एक्स-रे काढल्यावर त्याचा फोटो त्यांच्या नातवाच्या मोबाइलमध्येही घेऊ द्या आणि कागदावर तारीख ठळक लिहून द्या.