महावीर समाजवादी नव्हते



उत्तम त्यागाच्या दिवशी मंदिरात एक वक्ते म्हणाले, "भगवान महावीर हेच पहिले समाजवादी." टाळ्या पडल्या. मला मात्र राहवेना, म्हणून लिहायला बसले.

परिग्रह परिमाण व्रत आपण स्वतः घेतो. एवढे सोने, एवढे धन, एवढी वस्त्रे, त्यापुढे नको. मर्यादा आपली, मोह आवरायचा तोही आपणच. समाजवादात मर्यादा दुसराच कोणी घालतो आणि वसुलीला येतो. हात पिरगाळून घेतले त्याला त्याग कसे म्हणायचे?

आम्हाला बी.कॉम.ला सरांनी १९७३-७४ चा प्राप्तिकर फळ्यावर मांडून दाखवला होता. दोन लाखांवरच्या उत्पन्नाला ८५ टक्के कर, त्या करावर १५ टक्के अधिभार, म्हणजे ९७.७५ टक्के. वरचे शंभर मिळवा, सव्वादोन रुपये घरी न्या. संपत्तीकर वेगळाच! गरिबी हटवायची होती ना. झाले काय, तर 'दोन नंबर' हा शब्द घरोघरी पोहोचला. कूटलेखक्रिया हा सत्याणुव्रताचा अतिचार, हे पाठशाळेतले मूलही सांगेल. पण सकाळी अभिषेक करणारे, रात्री अन्नाला न शिवणारे श्रावकही दोन वह्या ठेवू लागले आणि हळूहळू त्याची लाजही वाटेनाशी झाली. लोभ त्यांचा होता, ते पाप सरकारवर ढकलणार नाही. पण चढे दर हे करचुकवेगिरीचे पहिले कारण, असे सरकारनेच नेमलेल्या वांछू समितीने १९७१ च्या अहवालात लिहिले होते. तरी दर खाली यायला १९७४ उजाडले, आणि तेव्हाही तो ७७ टक्के!

सून विचारते, "आई, मग गरिबांनी काय करायचे?" प्रश्न रास्त आहे. कर नकोच असे मी म्हणत नाही. रस्ते, दवाखाने त्यातूनच होतात. पण आपल्याच समाजातले कर्मवीर भाऊराव पाटील आठवा. १९१९ साली काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांना जेवायला धान्य उरले नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले, मंगळसूत्रसुद्धा. दारात वसुलीला कोणी उभे नव्हते. त्या पंगतीत सगळ्या जातींची मुले शेजारी शेजारी बसून जेवत होती.