नियम आहे, पण सांगणार कोण?

कर्नाटकात दहावी ६२५ गुणांची. पहिल्या भाषेला १२५, बाकी पाच विषयांना प्रत्येकी १००. म्हणजे मराठी शाळेत सगळ्यात जास्त गुणांचा पेपर आपल्याच भाषेचा! शिवाय २०२४ पासून वर्षात एकाहून जास्त परीक्षा. ज्या विषयात अडकलात तो पुन्हा द्या, चांगले गुण पडले तर तेच धरतात. पहिल्या परीक्षेत नापास झालं की वर्ष गेलंच, असं नाही.

नियम चांगला आहे. माझं भांडण वेगळंच आहे. हा नियम घराघरात सांगतो कोण? माझ्या हायस्कूलच्या फळ्यावर परिपत्रक लागायचं ते कन्नडमध्ये. माझ्या आईला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही.

लोक म्हणतात, कन्नड शिका. अहो, शिकतोच की! २०१५ च्या कायद्याने शाळेत कन्नड सक्तीचं आहे. पण शेतात राबणाऱ्या आईने ते कधी शिकायचं?

संविधानातलं कलम ३५०क मातृभाषेतून शिकवण्याची सोय सांगतं, तेही प्राथमिक शाळेपुरतं. हायस्कूलात पाऊल टाकलं की पोरगं एकटं.

म्हणून मागणी साधी आहे: परीक्षा, फेरपरीक्षा, शिष्यवृत्ती, प्रत्येक सूचना मराठी शाळेत मराठीतही लागलीच पाहिजे. आणि मित्रांनो, तोवर हातावर हात ठेवून बसू नका. गल्लीत कुणी नापास झालं तर त्याच्या घरी जा, पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरून द्या. सीमाभागात मराठी टिकवायची तर आधी आपली पोरं शाळेत टिकली पाहिजेत.